तबकडीची दुसरी बाजू

१९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारांत आणिली. तिच्या एका बाजूवर सुमारें वीस-पंचवीस मिनिटांचें संगीत मावे. पुढील ऐकावयाचें तर तबकडी उलटावीच लागे. यंत्राची ही अडचण रॉक संगीतानें कलेच्या कामीं लाविली.

लिव्हरपूलच्या बीटल्स या चौघांचा, फुटीच्या उंबरठ्यावरील ‘ॲबी रोड’ हा प्रौढ गीतसंग्रह १९६९ च्या सप्टेंबरांत निघाला. पहिल्या बाजूचें अखेरचें गीत जॉन लेनन याचें. पावणेआठ मिनिटांच्या त्या गीतांत शेवटीं एकच जड सुरावट वाऱ्याच्या घोंघावण्यासारख्या नादांत घुमत राहते आणि ऐन भरांत सुरीनें कापावी तशी तुटते. मग स्तब्धता. श्रोता उठतो, तबकडी उलटतो, सुई टेकवितो. आणि जॉर्ज हॅरिसनच्या गिटारींतून कोवळें ऊन उमटतें.

१९८७ सालीं हा संग्रह कॉम्पॅक्ट डिस्कवर आला. खरखर गेली, पण ती दीर्घ स्तब्धताही क्षणभरावर आली. आतां संगणकीय सांठ्यांतून एकेक गीत सुटें ऐकतां येतें. तेव्हां त्या काळोखाचा आणि पहाटेचा संबंधच उरत नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत तबकड्यांची विक्री, रकमेच्या हिशेबानें, १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या पुढें गेली. तबकडी उलटणाऱ्या हातास तो हरवलेला विराम परत मिळतो.