धरणाचा खर्च आणि अभियंत्याचे कर्तव्य

वाचकहो, अभियांत्रिकीच्या मुलांना अर्थशास्त्र आणि व्यवसायनीती कशाला शिकवायची, असा प्रश्न अनेकांना पडतो. कासार आंबोलीचा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटावयास आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासाची चौकशी केली तेव्हा म्हणाला, "सर, बाकी सगळं ठीक आहे. ते इकॉनॉमिक्स आणि एथिक्स तेवढं कशाला ठेवलंय, कळत नाही. आदल्या रात्री वाचायचं आणि पास व्हायचं."

मी पडलो इतिहासाचा शिक्षक. त्या वेळी मला त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मागाहून ध्यानात आले की, उत्तर त्याच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. पिरंगुट मागे टाकून कासार आंबोलीवरून हा रस्ता पौडला जातो आणि तेथून पुढे मुळशीच्या धरणापाशी पोहोचतो. आपल्या संस्थेतील कितीतरी मुलेमुली दरवर्षी अभियांत्रिकीकडे वळतात, म्हणून ते उत्तर आज या स्मरणिकेत मांडीत आहे.

प्रथम शिक्षणाचा इतिहास थोडक्यात पाहू. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यातूनच वाढले. सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे बांधण्यासाठी हाताखालची माणसे हवी होती, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे खर्चाचा विचार या शिक्षणात पहिल्यापासून होता. पण तो अंदाजपत्रकापुरता. माती किती, दगड किती, मजुरी किती, एवढे जमले की काम झाले. काम कोणासाठी आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे ठरविणे वरच्या साहेबाचे काम मानले जाई.

याच पुण्यात शिकून १८८३ साली परीक्षेत पहिले आलेले विश्वेश्वरय्या या चाकोरीबाहेर गेले. नीरा कालव्यावर त्यांनी १८९९ च्या सुमारास 'ब्लॉक' पद्धत सुचविली. पाणी मूठभरांच्या उसालाच न मिळता पिकांची पाळी लावून अधिक गावांच्या शेतात फिरावे, अशी ती योजना. कालवा तोच आणि पाणीही तेच. पण वाटणीचा विचार केल्याने लाभ अधिक घरांत पोहोचावा, हा त्यातला मुद्दा. अर्थशास्त्र आणि नीती एकाच कागदावर कशी येतात, याचे हे चांगले उदाहरण होय.

आता मुळशीकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी विजेवर चालविण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधण्यास सुरुवात केली होती. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. पुढची योजना मुळशीची. पूर्वेकडे वाहणारी मुळा नदी अडवायची, पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला न्यायचे आणि कोकणात भिरा येथे खाली सोडून वीज निर्माण करायची. अभियंत्याच्या दृष्टीने योजना मोठ्या कल्पकतेची होती, यात शंका नाही. मुंबईला तिचा लाभही झाला.

परंतु त्या खोऱ्यात सुमारे पन्नास गावे होती. आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोक चिडले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' केले. काम काही महिने थांबले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर मोडला. १९२७ साली धरण आणि भिऱ्याचे केंद्र उभे राहिले.

या लढ्यातील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या तासाला अवश्य सांगावी. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा मोबदला मिळत होता आणि सावकार तो घेण्यास तयार झाले. त्यांचे कर्ज वसूल होणार होते. कसणाऱ्याचे मात्र शेत, घर, गाव आणि देऊळ सारेच जाणार होते. कागदावर मोबदला पुरा झाला, पण ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या हाती काय पडले? किंमत आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे याहून स्पष्ट कोणते पुस्तक शिकवील?

आणि आश्चर्य पाहा. मुळशीत असंतोष धुमसत होता त्या १९२० सालीच केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांचा कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथ निघाला. आगगाडीच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी शेजारचे रान जळते, पण ते नुकसान रेल्वे कंपनीच्या वहीत चढत नाही, असे उदाहरण त्यांनी दिले. कंपनीचा खर्च निराळा आणि समाजाचा खर्च निराळा, हा त्याचा बोध. त्याच १९२० साली आपल्याकडे 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांनी त्याआधीच, १९१४ साली, आपली नीतिसंहिता केली होती. पण तिचा भर मालकाशी आणि व्यवसायबंधूंशी कसे वागावे यावर होता. जनतेची सुरक्षितता आणि हित सर्वांत वर, हे वाक्य त्यांच्या संहितेत यायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

सेनापती बापट स्वतः शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला अभियांत्रिकी शिकावयास गेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? यंत्र आणि वीज यांचे मोल त्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, मुंबईच्या दिव्याचे तेल मावळच्या कोणाच्या घरून आणले जात आहे.

धरणाने माणसे दुसऱ्याही तऱ्हेने उद्ध्वस्त होतात, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले. पानशेतचे काम पुरे झालेले नसताना, पाणी सोडण्याच्या मोरीचेही काम अपुरे असताना, त्या पावसाळ्यात पाणी साठविले गेले. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि शहराचा नदीकाठ वाहून गेला. घाईने वाचणारे एक वर्ष अंदाजपत्रकात लाभ म्हणून दिसते. धोक्याचा रकाना मात्र कोरा राहतो. 'अजून काम तयार नाही' असे ठामपणे सांगण्याचे बळ तरुण अभियंत्यात कोठून येणार? ते वर्गातच पेरावे लागते.

म्हणून माझे नम्र मत असे की, हे दोन विषय एकत्र आणि आपल्या परिसरातील उदाहरणावरून शिकवावेत. घसारा, व्याज, नफा-तोटा यांचे पाठ हवेतच; त्यांच्याशिवाय उद्योग चालत नाही. पण प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी तीन प्रश्न विचारावेत. लाभ कोणाला? खर्च कोणाच्या माथी? आणि त्या माणसाला विचारले होते काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी सक्तीची केली, म्हणजे हेच प्रश्न कायद्यालाही विचारावे लागले. मुळशीनंतर नव्वदहून अधिक वर्षांनी!

तो विद्यार्थी पुन्हा सुटीत आला तेव्हा मी त्याला एस.टी.ने मुळशीला नेले. जलाशयाकडे बघत तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, ही गावं एस्टिमेटमध्ये कुठे लिहायची?"

वाचकहो, हा प्रश्न ज्याला पडला, त्याला तो पेपर आदल्या रात्री वाचण्यासारखा वाटणार नाही. आपली मुले उद्या पूल बांधतील, कारखाने उभारतील. त्यांच्या अंदाजपत्रकात तेवढा एक रकाना असावा, हे पाहणे आपणा शिक्षकांचे आणि पालकांचे काम आहे.