सुहूर सनातील अरबी संख्याशब्द

मध्ययुगीन मराठी कागदपत्रांत वर्ष दर्शविण्यासाठी योजिलेले अरबी शब्द. कोरियन भाषेत जसे देशी संख्याशब्दांच्या जोडीने चिनी संख्याशब्द रूढ झाले व तारीख-वर्ष सांगण्यास तेच वापरले जातात, तसाच काहीसा प्रकार येथे घडला; मात्र मराठीत या शब्दांचे क्षेत्र सनापुरतेच राहिले.

इहिदे (१), इसन्ने (२), सलास (३), अर्बा (४), खमस (५), सित (६), सबा (७), समान (८), तिसा (९) व अशर (१०) हे मूळ शब्द होत. पुढे अशरीन (२०), सलासीन (३०), सितैन (६०), सबैन (७०) इ. दशक येतात. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे व अलफ हजार. मयातैन हे अरबी द्विवचन होय. ‘इहिदे’ हे स्त्रीलिंगी रूप आहे, कारण वर्षवाचक ‘सन’ हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी आहे. मूळ थकारसदृश उच्चाराचा ‘स’ झाला, यावरून हे शब्द फार्सी दप्तरामार्फत आले हे उघड दिसते. एकक आधी, मग दशक हा क्रम मराठीस परका नव्हता. एकसष्ट हा शब्द तसाच बनला आहे.

हा सन मुहंमद तुघलकाच्या कारकीर्दीत, इ. स. १३४४ मध्ये सुरू झाला असे मानतात. हिजरी वर्ष चांद्र असल्याने दरवर्षी सु. ११ दिवसांनी मागे सरकते व पिकांशी त्याचा मेळ राहत नाही. म्हणून त्या वेळचा हिजरी आकडा ७४५ कायम ठेवून वर्ष सौर केले गेले. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ते पालटते. त्यामुळे त्यास मृगसाल असेही म्हणत. निजामशाही व आदिलशाही दप्तरांत हाच सन चाले. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर भूमलगतचे परांडे काही काळ निजामशाहीची राजधानी होते.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला; राज्यव्यवहारकोशाने फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्यायही दिले. तरीही त्या वर्षाचा ‘खमस सबैन अलफ’ (१०७५) हा उल्लेख लोपला नाही आणि पेशवाईतही हा सन अखेरपर्यंत लिहिला गेला. केवळ परकीय सत्तेचा अवशेष म्हणून त्याकडे पाहणे अपुरे ठरते. वसुलाचे वर्ष पेरणीशी बांधलेले होते, हेच त्याचे बळ.

इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवितात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून तिचे वर्ष ‘इहिदे सितैन मया अलफ’ (११६१). महिना न पाहता मिळवणी केल्यास पत्र वर्षभर मागेपुढे सरकते.