दोकुशो कान्सोबुन

दोकुशो कान्सोबुन म्हणजे वाचलेल्या पुस्तकाविषयीचे निबंधवजा मनोगत होय. जपानमधील प्राथमिक व माध्यमिक शाळांत ते प्रामुख्याने उन्हाळी सुट्टीतील गृहपाठ म्हणून लिहविले जाते. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे जुलैअखेर ते ऑगस्टअखेरची ही सुट्टी, महाराष्ट्रातल्याप्रमाणे दोन इयत्तांच्या मध्ये न येता, एकाच इयत्तेच्या मध्यावर येते. सुट्टीनंतर वर्ग आणि शिक्षक तेच असतात. साहजिकच दिलेला गृहपाठ तपासला जातो.

== स्वरूप ==
केवळ कथानकाचा सारांश कान्सोबुन ठरत नाही. पुस्तकातील प्रसंगाची स्वतःच्या अनुभवाशी सांगड घालणे आणि वाचनापूर्वीचा विचार नंतर कसा बदलला हे मांडणे अपेक्षित असते. लेखन पारंपरिकरीत्या ४०० चौकटींच्या कागदावर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे केले जाते. एका चौकटीत एक अक्षर असते आणि विरामचिन्हालाही बहुधा स्वतंत्र चौकट द्यावी लागते. १२ ते १५ वर्षे वयाच्या, म्हणजे कनिष्ठ माध्यमिक विद्यार्थ्यांची पुस्तके कथा-कादंबऱ्यांपुरती मर्यादित नसून त्यांत चरित्रे व विज्ञानविषयक पुस्तकेही असतात.

== राष्ट्रीय स्पर्धा ==
या लेखनप्रकाराच्या प्रसारात १९५५ साली सुरू झालेल्या युवा वाचन-मनोगत राष्ट्रीय स्पर्धेचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय शालेय ग्रंथालय परिषद आणि माइनिची वृत्तपत्र यांच्यातर्फे ती भरविली जाते. कनिष्ठ व उच्च माध्यमिक गटांसाठी २,००० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे वर सांगितलेले पाच कागद. प्राथमिक गटांची मर्यादा याहून कमी आहे. विद्यार्थी स्वतः निवडलेल्या पुस्तकावर लिहू शकतात किंवा स्पर्धेने त्या वर्षासाठी नेमलेल्या पुस्तकांपैकी एखादे घेऊ शकतात. नेमलेली पुस्तके उन्हाळ्यात दुकानांच्या दर्शनी भागी मांडली जातात. प्रकाशकांसाठी ही निवड अर्थातच लाभाची असते.

== टीका आणि वाद ==
सक्तीमुळे वाचनाचीच नावड निर्माण होते, हा जुना आक्षेप आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे: लेखन कसे करावे हे वर्गात पुरेसे न शिकवता विद्यार्थ्याला कोऱ्या चौकटींसमोर बसविले जाते आणि भार पालकांवर पडतो. परीक्षकांना रुचेल अशीच भावना लिहिण्याकडे कल वाढतो, असेही म्हटले जाते. हे लेखन सर्वत्र अनिवार्य नाही; काही शाळांत ते ऐच्छिक आहे.

तयार गृहपाठांची ऑनलाइन विक्री होऊ लागल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि मेरकारी, राकुतेन व याहू या कंपन्यांनी अशी विक्री रोखण्याचे ठरविले. विकल्या जाणाऱ्या वस्तूंत कान्सोबुनही होते. जुलै २०२३ मधील मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर जसाच्या तसा स्वतःचा म्हणून स्पर्धेला किंवा शाळेत देणे अयोग्य आहे.