दोन संघांचे विजय हजारे

खेळाडूची निष्ठा जन्मभूमीशी असावी की अन्नदात्याशी? सांगलीस १९१५ साली जन्मलेले विजय हजारे प्रा. देवधरांच्या महाराष्ट्र संघातून खेळत. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढे त्याच बडोद्याने त्यांस आपल्या पदरी घेतले. क्रिकेटवर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. संस्थानिकांचा आश्रय हाच गुणी खेळाडूचा आधार असे.

या मिठास हजारे जागले. १९४२-४३ साली बडोद्याने अंतिम सामन्यात हैदराबादला हरवून रणजी करंडक जिंकला. १९४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजाऱ्यांनी २८८ व गुल महंमदांनी ३१९ धावा केल्या. त्यांच्या ५७७ धावांच्या भागीदारीचा विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला.

खेळाडूच काय, गावेही राज्य बदलतात. मराठी बोलणारे जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. १९६० साली ते महाराष्ट्रात आले. २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार झालेला जालन्याचा विजय झोल महाराष्ट्राकडूनच खेळला. सीमा राज्यकर्ते आखतात. खेळाडूची निष्ठा मात्र त्याच्या खेळावरूनच पारखावी.