पीटीच्या तासाचा धनी कोण?

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाइतकी सुखाची नोकरी शाळेत दुसरी नाही, हे मत गावच्या पारापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वमान्य आहे. वह्यांचे गठ्ठे नाहीत, बोर्डाच्या निकालाचा धाक नाही, पगार मात्र इतरांएवढाच; मग असमाधान कशाचे? हा पूर्वपक्ष बिनतोड वाटतो, पण त्याचा पायाच कच्चा आहे.

काम कमी आणि पगार पूर्ण म्हणजे समाधान, असे तो गृहीत धरतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्याशी बोलून 1959 साली वेगळा निष्कर्ष मांडला. पगार, नियम, देखरेख यांत खोट असली की माणूस नाराज होतो. ती निघाली तरी तो समाधानी होतोच असे नाही. समाधान मिळते ते कामातून, त्यातल्या यशातून, जबाबदारीतून आणि कुणीतरी घेतलेल्या दखलीतून. या सिद्धान्तावर पुढे आक्षेप आले, पण पीटीच्या सरांची गोष्ट तो नेमकी पकडतो. त्यांचा ‘आराम’ म्हणजे त्यांच्याकडून काढून घेतलेले काम असते. गणिताचा भाग मागे पडला की पहिला जातो तो पीटीचा तास. सरांच्या वाट्याला उरते रांगा लावणे, शिस्त राखणे आणि कार्यक्रमाची मांडामांड.

कायद्यानेही या विषयाला अर्धीच जागा दिली. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची शाळेला मैदान हवे म्हणते. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी शिक्षक मात्र अंशकालीन चालतो. अशा माणसाला ‘सुखी’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची पहिली गरज पुऱ्या पगाराची आणि स्थैर्याचीच आहे.

प्रतिपक्ष म्हणेल, ज्याला तळमळ आहे तो यातूनही खेळाडू घडवतो. घडवतो, हे खरेच. खो-खोला 27 बाय 16 मीटरचे मैदान आणि दोन खांब पुरतात. धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण अशा यशामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, आणि सराव म्हणजे हातात असलेला वेळ. तळमळीचे कौतुक करून तास कापणे हा तिचा सन्मान नव्हे.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरसारख्या गावात शेतकऱ्याच्या पोरीला खेळाचे नियम, सराव आणि हार पचवणे शिकवणारा माणूस बहुधा शाळेतलाच असतो. त्याचे समाधान ही म्हणूनच त्याची खासगी बाब राहत नाही. ते मोजायचे असेल तर प्रश्नावलीआधी वेळापत्रक उघडा: वर्षभरात पीटीचे ठरलेले तास किती आणि मैदानावर झालेले किती? ही तफावत मिटवणे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी शासनाच्या एका रुपयाचीही वाट पाहावी लागत नाही.