जुन्या डिझेल पिकअपची इंधनव्यवस्था : पंप उतरवण्यापूर्वी

हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात माल पोहोचवणाऱ्या पिकअपला पहाटेची वेळ चुकवून चालत नाही. उशीर झाला की भाव उतरतो. गाडी वाटेत गचके देऊन बंद पडली आणि गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असे निदान झाले, तर मालकाला त्या दिवसाचे भाडे आणि पुढची कमाई दोन्हींवर पाणी सोडावे लागते. हे निदान पुष्कळदा घाईचे असते. पंप उतरवून बेंचवर नेण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंतचा स्वस्त मार्ग तपासला पाहिजे.

हलक्या मालवाहू गाड्यांशी या परिसराचे नाते जुने आहे. हैदराबादच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या झहीराबादेत १९८०च्या दशकात हैदराबाद ऑल्विन आणि जपानची निस्सान यांच्या सहकार्यातून छोटे ट्रक तयार होऊ लागले. पुढे हा कारखाना महिंद्राकडे आला. त्या काळच्या डिझेल इंजिनांत संगणक नाही. दोष हाताने, कानाने आणि डोळ्याने शोधता येतो, हा या गाड्यांचा मोठा गुण. पुढे सांगितलेल्या चाचण्या केवळ अशा यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहेत.

सर्वाधिक फसवणारा दोष म्हणजे हवा घेणे. टाकी खाली आणि पंप वर असल्याने मधल्या नळीतून डिझेल ओढले जाते. त्या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे रबरी नळीला बारीक चीर गेली, क्लिप सैल झाली किंवा जोडातला तांब्याचा वॉशर दबून गेला, तर डिझेल बाहेर गळतच नाही. उलट हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होते, कारण नळीतले डिझेल रात्री टाकीत परतलेले असते. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे दिसतात.

याहून निर्णायक चाचणीला एक स्वच्छ कॅन पुरतो. कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो इंजिनापेक्षा उंच, गरम भागांपासून दूर, घट्ट बांधावा. टाकीकडून येणारी नळी काढून कॅनची नळी फिल्टरला जोडावी, हातपंपाने हवा काढावी आणि इंजिन चालवून पाहावे. इंजिन सुरळीत चालले तर दोष टाकी, तिची जाळी किंवा नळी यांत आहे आणि पंप निर्दोष आहे. इंजिन तरीही अडखळले तर फिल्टर बदलून मगच पुढे जावे. टाकीचे झाकण सैल केल्यावर गाडी सुधारत असेल, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. हा दोष इतका क्षुल्लक की तो शेवटी सुचतो.

दुसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली की आतल्या पत्र्यावर बाष्प साचते. कोरड्या हैदराबादपेक्षा आपल्या किनारी गोव्यात, विशेषतः पावसाळ्यात, याचा त्रास अधिक. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढून काळपट चिखल धरतो आणि तो फिल्टर चोंदतो. फिल्टरखालचा निचऱ्याचा स्क्रू वेळच्या वेळी उघडावा आणि रात्री टाकी भरून ठेवावी. रोटरी पंपाला वंगण खुद्द डिझेलचेच असते. म्हणून पाणी किंवा भेसळीचे रॉकेल त्याच्या आतल्या घासणाऱ्या भागांना थेट इजा करते.

हैदराबादच्या मे महिन्यात आणखी एक लक्षण दिसते. थंड गाडी तत्काळ सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा पकडत नाही. झिजलेल्या रोटरी पंपातून पातळ झालेले गरम डिझेल आतल्या आत निसटते आणि दाब तयार होत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबावे. त्यानंतर गाडी सुरू झाली तर पंपाचे काम निघाले असे समजावे. मात्र त्यापूर्वी पंपावरील डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट पोहोचतात का, हे पाहावे. त्याची सैल वायरही इंजिन थांबवते.

नोझल तपासण्यासाठी इंजिन आयडलवर ठेवून एकेका नळीचा नट किंचित सैल करतात. ज्या नळीने इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच निकामी. हात दूर ठेवावेत. नोझलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि अशी इजा झाल्यास वेदना नसली तरी रुग्णालय गाठावेच लागते. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये, तिथला दाब हजार बारच्याही पुढे जातो.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा आधी एअर फिल्टर काढून पाहावा. थंड इंजिनाचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, तर निळा इंजिन ऑइलचा, आणि त्यासाठी इंधनव्यवस्था खोलण्यात अर्थ नाही.