खरवडलेल्या डांबराचे मोल

आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागते. वारकऱ्यांच्या पायाखाली तेव्हा जवळपास दोनशे वर्षांची रस्तेबांधणी असते.

1830 मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्या काळी रस्ता म्हणजे फोडलेली खडी, मुरूम आणि पाणी. पुढे मोटारी आल्या, धुळीचे लोट उठू लागले आणि खडी धरून ठेवायला डांबर आले. झारीने डांबर शिंपायचे, वर बारीक खडी पसरायची, रोलर फिरवायचा. रस्ता खराब झाला की जुन्यावरच नवा थर. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत यामुळे रस्ते चढत गेले, कडेच्या घरांचे उंबरे खाली राहिले आणि पावसाचे पाणी दारात आले.

उंची आटोक्यात ठेवायची तर जुना थर खरवडावा लागतो. मग त्या मालाचे काय करायचे?

डांबरी मिश्रणात वजनाने साधारण पाच टक्केच डांबर असते, बाकी सगळी खडी आणि भुकटी. उन्हावाऱ्याने डांबर कडक, ठिसूळ होते. चांगली खडी मात्र बहुतेक शाबूत राहते. मिलिंग मशीनच्या दातांनी निघालेला चुरा चाळून, तापलेल्या नव्या खडीत मिसळला की तिच्या उष्णतेने जुने डांबर मऊ होते. थेट ज्वाळेवर धरला तर ते जळते, म्हणून प्लांटवर जपावे लागते. कडकपणा उतरवायला थोडे मऊ डांबर घालतात.

ही युक्ती नवी नाही. जुने डांबर पुन्हा वापरल्याच्या नोंदी 1915 पासूनच्या आहेत. तिला खरा जोर आला तो 1973 च्या तेलटंचाईने, कारण डांबर हा खनिज तेलाचाच गाळ. त्याच दशकात पुण्यात रेकॉन्डो या कंपनीने जंगली महाराज रस्ता हॉट मिक्सने, म्हणजे गरम डांबरी मिश्रणाने, बांधला. 1976 मध्ये खुला झालेला तो रस्ता दहा वर्षांच्या हमीपेक्षा कितीतरी जास्त टिकला. मिश्रण काटेकोर असेल तर डांबर किती साथ देते, याचा याहून चांगला दाखला पुणेकरांना नको. पुनर्वापरालाही नेमका तोच काटेकोरपणा लागतो.

भारतीय रस्ते काँग्रेसने 2015 मध्ये त्यासाठी आयआरसी 120 ही स्वतंत्र संहिता काढली. तेव्हा आपल्या भागात रस्ता खरवडायला मशीन आले, की भरलेला डंपर कुठे चालला आहे, एवढे जरूर विचारा.